दव न पडलेली जागा

"उद्या नदीवर, परवा टेकडीवर..." भोपळ्या बोटं मोजत होता.

"आधी समोर बघा ना!" झिपरी ओरडली.

सुट्टीत तिघं भावंडं मावशीकडे आली होती. मावशी वीजकेंद्रात बुलडोझर चालवायची. तिच्या घराच्या कुंपणापलीकडेच दगडी कोळशाचा ढीग होता, चांगला दुमजली! सकाळच्या धुक्यात तो झोपलेल्या हत्तीसारखा दिसे. कोट्यवधी वर्षांपूर्वी हे दलदलीतलं रान होतं, असं मावशीनं सांगितल्यापासून झिपरीला त्या काळ्या ढेकळांतून पानांची सळसळ ऐकू यायची. चिखलाखाली गाडलं गेलेलं रान, आणि त्यानं पिऊन ठेवलेलं ऊन! तेच ऊन आपल्या दिव्यात उजळतं, या विचारानं ती हरखून जाई.

आज मात्र ढिगावर सगळीकडे दव चमकत होतं आणि मधेच घोंगडीएवढी जागा कोरडी ठणठणीत होती.

"रॉकेलसारखा वासही येतोय," चष्मिस हवा हुंगत म्हणाला. "ढीग आतून तापलाय! हवा खेळली की कोळसा आपोआप पेटतो, मी वाचलंय."

झिपरीला एकदम मावशी आठवली. आठ वाजता मावशी बुलडोझर घेऊन त्याच ढिगावर चढणार होती. आत जळून पोकळी झाली असेल तर?

तिघं धावत फाटकाशी गेली. ढीग सांभाळणारे मुकादमकाका शेजारीच चहा पीत बसले होते.

"काका, ढीग आतून जळतोय!"

"मग धूर कुठाय? सुट्टी लागली की तुमच्या डोक्यात भुतं नाचतात. पळा!"

भोपळ्यानं कोपऱ्यातली पहार पाहिली आणि सुस्कारा सोडला. "जाऊ दे रे. ही पहार त्या कोरड्या जागेत खुपसून बघायची, तर काकांच्यानं ती उचलवणार तरी आहे का?"

"कुणाच्यानं?" काका ताडकन उठले आणि त्यांनी पहार अर्ध्याच्या वर आत घुसवली. "बघितलंस?"

"वा! आता चहा संपेपर्यंत राहू द्या."

चहा संपला. तिकडे बुलडोझर घुरघुरू लागला. काकांनी पहार ओढून काढली आणि चष्मिसनं तिच्या टोकावर बाटलीतलं पाणी ओतलं.

चर्रर्र! वाफच वाफ!

काकांचा चेहरा खर्रकन उतरला. "बाई, थांबा! चढू नका!" ते हात हलवत धावत सुटले.

थोड्या वेळानं लांब हाताच्या यंत्रानं ढीग बाजूनं उकरला. आत लालभडक पोकळी होती, अख्खा बुलडोझर गिळेल एवढी!

"जुना कोळसा आधी उपसायचा असतो," काका मान खाली घालून म्हणाले. "मी आळस केला. त्याच्यावरच नवा ओतत गेलो, दाबूनही घेतला नाही."

"शाबास, पोरांनो!" धावत आलेले केंद्राचे मोठे साहेब म्हणाले. "आज तुम्ही एक जीव वाचवलात."

मावशी पुढे आली. तिनं झिपरीला सरळ कडेवर उचललं. बारा वर्षांच्या मुलीला कुणी कडेवर घेत नाही, पण झिपरीनं मुकाट्यानं तिच्या गळ्यात हात टाकले.