एक माणूस आत

तुम्ही विचारताय म्हणून सांगतो, नाहीतर हे मी घरातही बोललेलो नाही.

साताऱ्यात माझं संगणक दुरुस्तीचं दुकान आहे. गेल्या माघात सांगलीहून वर्धमानशेठांचा फोन आला. हळदीचे व्यापारी, एरवी शांत माणूस. म्हणाले, "दोन कंप्युटर, फाइल एकच, आणि उत्तरं दोन. आज गोदाम बंद करायचंय. लगेच निघा."

दुपारी तीनला पोचलो. गोदामाच्या दाराशी अंगठ्याचं यंत्र होतं. माणूस आत गेला किंवा बाहेर आला, की ते एका साध्या फाइलीत एक ओळ लिहायचं. ती फाइल दोन संगणक वाचायचे, दारावरचा जुना विंडोजवाला आणि ऑफिसातला नवा लिनक्सवाला. दोघांना प्रश्न एकच, आत किती माणसं? जुना म्हणत होता, कोणी नाही. नवा म्हणत होता, एक.

त्या दिवशी किडीसाठी विषारी गोळ्या ठेवून गोदाम सात दिवस बंद व्हायचं होतं. आत माणूस राहिला असता तर जिवानिशी गेला असता. शेठ जैन, किडा मरणार म्हणून उपास धरून बसलेले, त्यात ही भानगड.

असले घोळ मी ढिगानं निस्तरलेत. दहा मिनिटांत कळलं. शेवटच्या ओळीपुढे ओळ संपल्याची खूण पडली नव्हती. जुना संगणक ती अर्धवट समजून सोडून देत होता, नवा मोजत होता. मी खूण घातली. आता दोघंही म्हणाले, एक माणूस आत. ओळीत नाव होतं मल्हार, वेळ सकाळची अकरा चाळीस.

"मल्हार कोण?"

"मीच की," माझ्या शेजारी उभा असलेला हमाल हसला. "आवं सायब, तवा मी सगळ्यांसंगं चा पीत हुतो. हितं हाय न्हवं मी?"

मुकादम नाथाजी बॅटरी घेऊन पोत्यांच्या थप्प्यांमधून फिरून आला. आत कोणी नव्हतं.

मग त्यांनी त्यांची जुनी रीत पाळली. पूर्वी इथे हळद जमिनीखालच्या पेवात साठवायचे. पेवाचं तोंड बुजवण्याआधी मुकादम एकेकाला हाक मारी, आणि ज्याचं नाव त्यानंच "आलो" म्हणायचं. पेवं गेली, हाक राहिली. नाथाजीनं दारात उभं राहून सहा नावं घेतली. शेवटचं मल्हारचं.

"आलो," मल्हार माझ्या कानाशी म्हणाला.

"आलो..." जरा उशिरानं आतून आलं.

मला वाटलं, आवाज घुमला. पोत्यांनी गच्च भरलेल्या गोदामात आवाज घुमत नाही, हे मला कुठे माहीत होतं! शेठ माझ्याकडे बघत होते. "यंत्राची चूक आहे," मी ठासून सांगितलं आणि ती ओळच पुसून टाकली. दोन्ही संगणक म्हणाले, कोणी नाही. दार बंद झालं.

चौथ्या दिवशी एका बाईचा फोन आला. मल्हारची बायको, राणी.

"सायब, मुकादमांनी नंबर दिला... गोदाम बंद झालं तवापासनं ह्येंच्या पोटात अन्नाचा कण न्हाई. नुसतं बसत्यात आन् म्हनत्यात, दार उघड, जीव गुदमरतोय. दार तर सताड उघडं हाय, सायब..."

तसाच शेठांना फोन लावला. "गोदाम उघडा."

"अहो, कुणासाठी? मल्हार घरी बसलाय."

"शेठ, ओळ खरी असेल तर... ती मी पुसली. पाया पडतो, उघडा."

मी सांगलीत पोचेपर्यंत चार वाजले होते. सगळ्यांना लांब उभं केलं. तोंडाला गॅसचे मुखवटे बांधून नाथाजीनं आणि मी दार सरकवलं. आतून हळदीचा कोंदट, उग्र वास आला. मुखवट्यातून वास कसा आला, कोण जाणे. पोत्यांखेरीज आत काही दिसलं नाही. पण नाथाजी एकदम बाजूला सरला, कोणाला वाट द्यावी तसा.

"काय झालं?"

"काय न्हाई..." तो म्हणाला. त्याला स्वतःलाच कळलं नव्हतं.

तेवढ्यात फोन वाजला. लांब जाऊन मुखवटा काढला. राणी रडत होती, हसत होती.

"सायब, उठलं बगा! आपल्या पायानं चुलीम्होरं येऊन बसलं. चार भाकरी खाल्ल्या. लय उपकार झालं तुमचं."

माणूस वाचला होता. इतकं बरं मला आयुष्यात कधी वाटलं नव्हतं.

"सायब..." तिचा आवाज अगदी खाली आला. "एक इचारू?"

"विचार की."

"जेवून हात धुतला... मग माज्याकडं लय येळ बघितलं... आन् म्हनलं, बाई, तुमचं नाव काय?"