आधी पोचलेला आवाज

आमच्या प्रयोगशाळेत सगळ्यांत लाडकं कोण असेल, तर अणुघड्याळ. त्याच्या खोलीत साहेब सोडून कुणी मोठ्यानं शिंकतही नसे. तसंच दुसरं घड्याळ समुद्रापलीकडच्या केंद्रात होतं, आणि तिथं माझी धाकटी बहीण कामाला होती. दोघींनी एकाच क्षणी उपग्रहाकडे संकेत फेकायचे, एकमेकींचे झेलायचे आणि वजाबाकी करून दोन घड्याळांतला फरक काढायचा. काम संपलं की त्याच वाटेनं थोडं बोलता येई. तिचं बोलणं माझ्या हेडफोनमध्ये येई, आणि माझंही उपग्रहावरून फिरून, किंचित उशिरा, माझ्याच कानात पडे. त्या दुपारच्या गप्पा आठवल्या की अजून बरं वाटतं.

"आवाज का गं जड?"

"सर्दी."

"मागच्या आठवड्यातही सर्दीच होती."

"ताई, तू घड्याळं तपास. माझं नाक राहू दे."

तिचा नवरा तिला मारतो, हे मला ठाऊक होतं. ती कधी कपाटाचं दार पुढे करी, कधी ओली फरशी.

मग आकडे बिघडले. संकेत निघण्याआधीच पोचल्यासारखे दिसू लागले. साहेब म्हणाले, "आपल्या खात्यात पहिल्यांदाच काहीतरी वेळेआधी आलंय, आणि तुम्ही तक्रार करताय." हसून झाल्यावर आम्ही ठरवून टाकलं की चूक पलीकडच्यांची. आमच्या धंद्यात प्रत्येक केंद्र हेच म्हणतं.

एका दुपारी हेडफोनमध्ये काच फुटली. लोखंड कशावर तरी आदळलं, मऊ कशावर तरी. एका बाईचं दाबलेलं कण्हणं. पुन्हा लोखंड. पुन्हा. शेवटी धापा टाकणारा पुरुषाचा आवाज, "पाणी." मारून दमला असणार.

आमच्या खोलीत मी एकटी होते आणि सगळं शांत होतं. म्हणजे हे तिकडचंच. मी माइकमध्ये तिच्या नावानं ओरडले.

"काय झालं? डबा खात होते," ती म्हणाली.

"तो आलाय ना तिथं?"

"कुणी नाही गं."

इतक्या वेळा खोटं बोललेली, आता कशी खरी वाटणार? "उद्याच्या उद्या निघ," मी म्हटलं. "माझ्याजवळ ये. नाहीतर तो तुला जिवंत ठेवणार नाही." तिनं डब्याला झाकण लावल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "येते."

ती एक पिशवी घेऊन आली. गळ्यावर बोटांचे पिवळे पडलेले वळ. घरी एकटी नको, म्हणून मी तिला रोज प्रयोगशाळेत नेऊ लागले. दारावर रखवालदार होता. नवरा तिच्या मागावर आला, तेव्हा त्याच रखवालदारानं "बाईंचे पाहुणे" म्हणून त्याला अदबीनं आत आणून सोडलं.

टेबलावरचा मोठा पाना त्यानं उचलला. पहिला घाव घड्याळाच्या कपाटावर बसला. काच खाली आली.

तो आवाज मी ओळखला.

तिकडचा नव्हताच तो. आमच्याच खोलीचा होता.

पुढचा घाव माझ्या हातावर बसला. बोटं मोडली. मग त्यानं तिच्या तोंडावर मारलं. फरशीवर रक्त आणि दोन दात.

तो काचेवर घसरला. पाना सुटला.

तिनं उचलला. ओठ गच्च मिटून, कण्हत, तिनं मारलं. पुन्हा. पुन्हा.

"पाणी," तो म्हणाला.

आम्ही दोघी हललो नाही.

तो निपचित पडल्यावर टेबलावरच्या हेडफोनमधून कुजबुज येऊ लागली. मी तो कानाला लावला. कुणी म्हातारी घोगऱ्या आवाजात कुणाला तरी उठवत होती. "उठ गं. चहा निवतोय. उठ की." उत्तर येत नव्हतं. ती हाका मारतच राहिली.

"कोण आहे?" बहिणीनं विचारलं.

"कुणी नाही," मी म्हटलं.

कोर्टानं तिला सोडलं. तेव्हापासून आम्ही दोघी एकत्र राहतो. मी निवृत्त झाले तेव्हा साहेबांनी तो जुना माइक मला आठवण म्हणून दिला. स्वयंपाकघरातल्या फळीवर असतो, तुटकी वायर गुंडाळलेला.

या हिवाळ्यात माझा आवाज फार बदलला. घोगरा झालाय, मधेच चिरकतो.

आज ती अजून उठलेली नाही. चहा गाळून ठेवलाय, त्यावर साय धरू लागलीये. मी तिला हाक मारलेली नाही.