दुर्बिणीत सरळ उभी

थापा मारायला मला वेळ नाही. रस्त्यांची आखणी करणारा माणूस मी, दिवसभराच्या पायपिटीनं आधीच पार दमलेला. विश्वास ठेवा, नका ठेवू. हे घडलंय.

मागच्या थंडीतली संध्याकाळ. ताईच्या वस्तीकडे जाणारा फाटा.

तिथून दोन वाटा जातात. डावीकडची ओढ्याकाठानं, जवळची, पण पुरात बुडणारी. उजवीकडची टेकडीवरून, लांबची, दरड कोसळणारी. एक निवडून पक्का रस्ता करायचा होता.

ताईला पहिल्या खेपेला खाटेवर घालून दवाखान्यात नेलं होतं. बाळ वाटेतच गेलं. म्हणून हे काम मी मागून घेतलं.

दोन्ही वाटा मोजून जीव मेटाकुटीला आला होता. दोन्ही सारख्याच वाईट.

मोजणीचं नवं यंत्र दुरुस्तीला गेलेलं. जुन्या यंत्राच्या दुर्बिणीत सगळं उलटं दिसतं. जमीन वर, आभाळ खाली, डावं ते उजवं. सवय होते.

माझे मदतनीस लंबूकाका फाट्यावर मोजपट्टी धरून उभे होते. मी दुर्बिणीला डोळा लावला.

पाखरं एकदम गप्प झाली...

"साहेब," काका ओरडले, "इथं कुणी चालतंय का हो?"

"कुठं?"

"माझ्या कानाशी... पावलं वाजतायत."

"दमलात काका. एवढं झालं की घरी जाऊ."

दुर्बिणीत काका उलटे होते. नेहमीसारखे.

त्यांच्या शेजारी एक बाई होती...

सरळ उभी.

म्हणजे प्रत्यक्षात तिथं, फाट्यावर, ती उलटी... डोकं मातीला. पाय काकांच्या कानाशी.

तिनं हात केला. डावीकडे.

मी डोळा काढला. काका एकटेच.

दुर्बिणीतलं डावं म्हणजे खरं उजवं. विचार करायचं त्राणच नव्हतं. टेकडीची वाट पक्की करून टाकली.

बायकोला सांगितलं तर ती हसली. "पाय उलटे होते का तिचे?"

"नुसते पायच नाहीत गं. सगळीच उलटी होती."

तिचं हसू थांबलं. "मग तिनं दाखवलेली वाट तरी सरळ कशी असेल?"



रस्ता झालाय. गुळगुळीत, डांबरी. सगळे मला दुवा देतात.

आज पाऊस थांबायचं नाव घेत नाही. ताईला कळा सुरू झाल्यात. मघाशी टेकडीवरून दाजींचा फोन आला. गाडी निघालीय, काळजी करू नका म्हणाले.

मागून ताईचा आवाज आला...

"अहो, टपावर कोण चालतंय?"

तेवढ्यात फोन कटला. अजून लागत नाहीये. मला फार भीती वाटतेय.