थरथर म्हणून वगळलेलं

आईचा हातमोजा मीच शिवला होता. आमच्या प्रयोगशाळेत ताणलं की संकेत देणारे धागे बनतात. ते कापडात विणले, मनगटाशी बटणाएवढी बॅटरी बसवली. पक्षाघाताने तिची उजवी बाजू आणि वाचा गेली होती. डाव्या हाताची दोन बोटं तिने मिटली की ऑफिसात माझा फोन वाजायचा.

ती दिवसभर बोटं मिटायची. उशी सरकली, पाणी हवं, कधी काहीच नको. आमचे साहेब म्हणायचे, "आईने तुला खिशात ठेवलंय की तू आईला?" सगळे हसायचे. मीही.

त्या मंगळवारी पाहुण्यांना यंत्रहात दाखवायचा होता. सिलिकॉनचा, मऊ, बोटांत पंपाने हवा भरली की मिटणारा. मिटणं तो आईच्या हातमोज्यावरूनच शिकला होता. मधेच फोन वाजायला नको, म्हणून सकाळी मी हातमोज्याच्या प्रोग्रॅममधली एक ओळ बदलली : लागोपाठ मिटणारी बोटं म्हणजे आजारातली थरथर, वगळावी. नको त्या संकेताला थरथर म्हणणं, हे आमच्याकडे रोजचंच काम.

दुपारी आईला सांभाळणाऱ्या बाई औषधं आणायला खाली उतरल्या. आईला ठसका लागला. त्या परतल्या तेव्हा सगळं संपलं होतं.

"हातमोज्याची बॅटरी संपली होती," मी दादाला सांगितलं. त्याने माझ्या डोक्यावर हात ठेवला. तो हात मला सोसवेना. वगळलेल्या संकेतांची यादी मी एकदाच वाचली आणि पुसून टाकली.

दोन आठवड्यांनी, एका सोमवारी, यंत्रहाताची दोन बोटं आपोआप मिटली. "हवा गळत असेल कुठून तरी," सहकारी म्हणाला. बुधवारी पंप बंद असताना मिटली. तो जेवायला निघून गेला. मी हवेची नळीच काढून टेबलावर ठेवली.

गुरुवारी दुपारी दादा आला.

"आईसारखा मिटतो म्हणालीस ना? बघू तरी."

"आज बंद आहे रे."

"असू दे. नुसता हातात घेतो."

त्याने खुर्ची ओढली आणि आपला पंजा त्या बोटांत दिला.

"ऊब आहे गं याला."

"खोलीतच उकडतंय," मी म्हटलं. एसी चालू होता.

मी त्याच्या पाठीमागे उभी होते. त्याचा पंजा मला दिसत नव्हता. सिलिकॉन कातडीवर घासल्याचा बारीक आवाज तेवढा येत होता. थांबून थांबून.

बराच वेळ.

मग आवाज थांबला.

"छोटे," दादा म्हणाला, "ही दाबत होती."

"कोण?"

"मी आपलं मोजलं. एकतीस वेळा."

पुसलेल्या यादीत एकतीसच संकेत होते. बारा वीसपासून बारा छत्तीसपर्यंत.

खरं सांगायचं म्हणूनच मी तोंड उघडलं.

"बॅटरीच संपली होती, दादा."

तो वळला नाही.

"थांब," तो हळूच म्हणाला. "बत्तीस."