आडव्या कापलेल्या पट्ट्या

"चाळीस मिनिटं," जाहिरातीच्या कात्रणावर बोट आपटत धाकटी म्हणाली, "सरळ छापलंय. शहरापासून बसने फक्त चाळीस मिनिटं. आणि आपल्याला बसून तास होऊन गेला."

शेजारी बसलेल्या माणसाने हातातल्या घड्याळाकडे पाहिलं. "बावन्न मिनिटं झालीत."

"तुम्ही मोजताय?"

"हो."

"कशासाठी?"

तो जरा घुटमळला. "ती चाळीस मिनिटं... मीच लिहिली आहेत."

धाकटीने मान वळवून त्याच्याकडे नीट पाहिलं. मांडीवर वही, कानामागे पेन्सिल, आणि चेहरा असा, की जणू बसमधल्या सगळ्यांना झालेला उशीर ह्यानेच घरून आणलाय. तो बस कंपनीच्या कचेरीत वेळापत्रकं करत असे. कागदावरची वेळ आणि रस्त्यावरची वेळ जुळते का ते बघायला आठवड्यातून एकदा स्वतः बसमधून फिरत असे.

"चाळीस मिनिटं लागतात," तो म्हणाला. "पहाटेच्या पहिल्या बसला. तेव्हा रस्त्यावर कुणी नसतं."

"म्हणजे कुणालाच जायचं नसतं तेव्हा सगळे वेळेत पोचतात."

"घरमालकांना नेमका तोच आकडा आवडतो. मी बाकीचेही लिहिलेत हो. ते कुणी छापत नाही."

धाकटीला हसू आलं. खरं तर त्या दिवशी तिला हसण्यासारखं फारसं काही नव्हतं.

तिचं आणि तिच्या आत्याचं पुस्तकबांधणीचं दुकान होतं. गिऱ्हाइकं आत्याला थोरल्या बाई म्हणत, म्हणून ही आपोआप धाकट्या बाई झाली, आणि घरीदारी नुसती धाकटी. फाटलेले शब्दकोश, सुटलेल्या वह्या, कुणाच्या आजोबांची रोजनिशी, सगळं त्यांच्याकडे यायचं आणि अंगभर नवे कपडे घालून परत जायचं. आता दुकानाच्या मालकाला ती जागा सुनेच्या दवाखान्यासाठी हवी होती. महिनाअखेर जागा सोडायची. शहरात परवडेल अशी एकच खोली मिळत होती, दोन जिने चढून. तिथे आत्याचे गुडघे चढायला तयार नव्हते, आणि लोखंडी दाबयंत्र तर चढणारच नव्हतं. ते विकावं लागलं असतं. ते विकलं, की मोठी पुस्तकं गेली, उरल्या नुसत्या वह्या. दुसरा मार्ग म्हणजे ही जाहिरात. त्याच भाड्यात उपनगरात अख्खं घर, तळमजल्यावर, पुढे ऐसपैस खोली.

"घर आपल्याला चालेल का ते मागाहून बघू," आत्याने निघताना बजावलं होतं. "आधी ते कागदाला चालतंय का बघ. भिंतीला ओल असली, तर फुकट दिलं तरी नको."

बस थांबली. एक तास चार मिनिटं, असं वहीत लिहून वेळापत्रकवालाही उतरला. तो इथेच राहत होता, पुढच्या गल्लीत, वर्षभरापासून.

"परतीची बस पंचावन्न मिनिटांनी आहे," तो म्हणाला. "तोवर मी रिकामा आहे. घर दाखवतो. म्हणजे... बाहेरून दाखवतो. आत तुम्ही बघा."

किल्ली देणारी घरमालकीण शेजारच्याच दारात उभी होती. तिने दोघांना खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "दोघंच ना? मुलंबाळं?"

"मी आणि माझी आत्या राहणार," धाकटी म्हणाली. "हे बसबरोबर आलेत."

पुढची खोली खरंच मोठी होती. दोन खिडक्या, चुना लावलेल्या भिंती, फरशीवर उन्हाचा लांबट तुकडा. आदल्या दिवशी पाऊस पडून गेला होता, पण वास ओलीचा नव्हता. तरी वासावर विसंबायचं नाही, हा आत्याचा धडा. धाकटीने पिशवीतून पातळ कागदाचा ताव, चाकू आणि लोखंडी पट्टी काढली. कागदाच्या पट्ट्या जागेवरच कापायच्या, प्रत्येकीचं वरचं टोक भिंतीला चिकटवायचं, खालचं मोकळं सोडायचं आणि अर्धा तास थांबायचं. भिंत कोरडी असली, तर पट्टी सरळ लोंबते. ओली असली, तर टोक वळायला लागतं.

ती खिडकीच्या कट्ट्यावर कापायला बसली. तो दारातच उभा होता.

"आत आलात तरी चालेल," ती म्हणाली. "भिंती काही बोलत नाहीत."

तो आत आला आणि दुसऱ्या खिडकीला टेकला.

"करमतं का हो तुम्हाला इथे?"

"करमतं. माझ्या वरच्या मजल्यावर कुणीतरी बासरी शिकतंय. आठ महिने झाले, एकच ओळ चाललीय."

"काही सुधारणा?"

"माझ्यात झाली. आता ती ऐकल्याशिवाय मला चहा गोड लागत नाही." त्याने ती ओळ शीळ घालून ऐकवली. शेवटचा सूर जिथे घसरायचा, तिथे त्याने तो तितक्याच इमानाने घसरवला, आणि वर भुवया अशा उडवल्या की धाकटी चाकू बाजूला ठेवून हसली. मग पुन्हा कापू लागली. कापताना एकदा वर बघितलं. मग आणखी एकदा. त्याच्या कानामागची पेन्सिल पडायला आली होती, आणि त्याला त्याचा पत्ता नव्हता.

"तुम्हाला किती वर्षं झाली ह्या कामात?" त्याने विचारलं.

"बारा."

"कधी चुकता?"

"खळ कमी पडते कधी. शिवण सैल होते. कापण्यात... नाही. कापण्यात मी चुकत नाही."

सहा पट्ट्या भिंतींना लागल्या. दोघं त्याच खोलीत फरशीवर बसली आणि वाट बघू लागली. ती दाबयंत्राबद्दल आणि आत्याच्या गुडघ्यांबद्दल बोलली, तो चालकांबद्दल. चालक त्याला तोंडावर साहेब म्हणत आणि पाठीमागे काटेकोर. अर्ध्या तासात इतकं बोलणं झालं, की पट्ट्यांकडे कुणाचं लक्षच नव्हतं. मग तिने मान वर केली.

सगळ्या वळल्या होत्या. सहाच्या सहा, खालून वर, सुरळी करायला घेतल्यासारख्या.

"म्हणजे..." तो हळूच म्हणाला.

"म्हणजे नाही." तिने एकेक पट्टी काढून पिशवीत ठेवली. "वाईट झालं. उजेड चांगला होता."

त्याने भिंतींना दोष दिला नाही, की पुन्हा बघा असंही म्हटलं नाही. किल्ली परत करून दोघं थांब्यावर आली, तेव्हा एवढंच म्हणाला, "मला वाईट वाटलं."

"घराचं?"

"घराचंही."

परतीच्या बसमध्ये गर्दी होती. तो दाराशी उभा राहून उतारू मोजत होता, ती मागे अडकली होती. शहरात उतरली तेव्हा तिच्या लक्षात आलं, की आपण त्याला ना नाव विचारलं, ना पत्ता.

दुकानात आत्या एका जाडजूड ग्रंथाची पाठ गोल करत बसली होती. समोर बाकावर एक माणूस चहा पीत होता. दाबयंत्र बघायला आलेला. बघून झालं होतं, आवडलंही होतं. परवा सांगते, म्हणून आत्याने त्याला वाटेला लावलं.

"ओल आहे," धाकटी म्हणाली.

"किती?"

"सगळीकडे." तिने पट्ट्या आत्याच्या पुढ्यात ठेवल्या.

आत्याने चष्मा नाकावर चढवला. एक पट्टी घेतली, लांबीत वाकवली, मग रुंदीत वाकवली. मग दुसरी घेतली. मग धाकटीच्या तोंडाकडे पाहिलं.

"ह्या कापल्या कुणी?"

"मीच."

"आडव्या कापल्यास."

धाकटीने पट्टी हातात घेतली आणि तिच्या कानांच्या पाळ्या गरम झाल्या. कागदाला दिशा असते. वर्तमानपत्र फाडून बघा, एकीकडून ते सरळ रेषेत फाटतं, दुसरीकडून वेडंवाकडं. आतले तंतू एकाच बाजूला निजलेले असतात म्हणून तसं होतं. त्यांच्या बाजूने कापलेली उभी पट्टी भिंतीत खरंच पाणी असेल तरच टोक वळवते. त्यांच्या आडवी कापली, तर जराशा दमट हवेने तिची सुरळी होते. हे बांधणीतलं पहिल्या दिवशीचं शिक्षण. ते चुकलं, की पुस्तक कधी नीट मिटत नाही.

"आडवी पट्टी माणसाच्या श्वासानेसुद्धा वळते," आत्या म्हणाली. "खोलीत कितीजण होतात?"

"दोघं."

"आणि गप्प बसला नसाल."

"...नाही."

"मग भिंतीने काय केलंय बिचारीने?" आत्या पुन्हा ग्रंथाच्या पाठीकडे वळली. "बारा वर्षांत असं एकदा झालं नाही. तुला ताप होता तेव्हाही नाही. कोण होता गं तो?"

"बसचं वेळापत्रक करतो."

"बरं. माणूस वेळेवर येणारा आहे म्हणजे."

"बसला एक तास चार मिनिटं लागली, आत्या."

"मी बसबद्दल बोलत नाहीये. उद्या पुन्हा जा. एकटीने कापायच्या आणि बाहेर येऊन बसायचं. आणि एक ध्यानात ठेव, धाकटे. घराचं उत्तर भिंतीला विचारायचं, दुसऱ्या कुणाला नाही. मला दाबयंत्र जवळ हवंय, पण तुझ्या आवडीच्या माणसाच्या शेजारी पुस्तकं कुजवायला नको आहेत."

"आवडीचा कोण म्हणालं?"

"तू म्हणालीस. सहा वेळा." आत्याने पट्ट्यांकडे बोट दाखवलं.

दुसऱ्या दिवशी धाकटी पहाटेच्या पहिल्या बसने गेली. खरोखर चाळीस मिनिटं लागली. शेजारची जागा रिकामी होती. तिने ताव आधी वाकवून पाहिला, दिशा ओळखली, पेन्सिलीने बाण काढला आणि मगच चाकू लावला. सहा पट्ट्या चिकटवून ती पायरीवर जाऊन बसली. घरमालकिणीने विचारलं, "बसवाले नाही आले?" धाकटीने नुसती मान हलवली.

अर्ध्या तासाने पाच पट्ट्या सरळ लोंबत होत्या. न्हाणीघराच्या बाजूची एक किंचित वळली होती. त्या भिंतीला काही टेकवायचं नाही, झालं. गिऱ्हाइकांसाठी आठवड्यातून दोन दिवस शहरात जायचं, ग्रंथालयाची कामं तिथूनच उचलायची, हा हिशेब तिने रात्रीच मनात मांडला होता. चौथ्यांदा खोलीत फिरून आली, दाबयंत्राची जागा पावलांनी मोजली आणि घरमालकिणीला शब्द देऊन टाकला.

थांब्यावर आली तर तो उभा होता. वही नव्हती. शर्ट इस्त्रीचा होता.

"तुम्ही इथे?" दोघंही एकदमच म्हणाली.

"आज मोजायचं नाही?" तिने विचारलं.

"रजा टाकलीय. शहरात चाललोय. जागा बघायला."

धाकटीने विचारलं, "तुम्ही... इथून जाताय?"

"माझ्यासाठी नाही." तो रस्त्याकडे बघत म्हणाला. "बसच्या वाटेवर दोन-तीन ठिकाणी तळमजल्यावर पाट्या दिसल्या होत्या. म्हटलं आधी बघून यावं. जिने नसलेली, यंत्र आत जाईल अशी. मग तुमच्या दुकानात येऊन सांगणार होतो. शहरात पुस्तकबांधणीची दुकानं असून असून किती असतील, सापडलं असतं."

ती बघत राहिली. म्हणजे हा माणूस रजा टाकून, इस्त्री करून, तिला आपल्यापासून तासभर लांब ठेवायची सोय करायला निघाला होता.

"मी घर घेतलंय," ती म्हणाली. "आत्ताच."

"पण ओल..."

"ओल नव्हती. मी कागद चुकीचा कापला होता. आडवा."

"तुम्ही तर म्हणालात, कापण्यात चुकत नाही."

"नाहीच चुकत."

"मग काल कशी चूक झाली?"

बस आली, दार उघडलं. चालकाने मान बाहेर काढली. "बसताय का साहेब? का थांबवून ठेवून वर माझ्याच नावावर उशीर लिहिताय?"

"जा तुम्ही," तो म्हणाला. बस गेली.

धाकटीने पिशवीचा बंद बोटाला गुंडाळला. "घर घेतलं ते भिंतींसाठी. हे आधी सांगते. तुम्ही नसता तरी घेतलं असतं."

"बरं केलंत. मला तेच हवं होतं. म्हणून तर काल गप्प राहिलो."

"आणि हे दुसरं, ते वेगळं." तिने श्वास घेतला. "कापताना मी कागदाकडे बघत नव्हते. तुमच्याकडे बघत होते."

तो पूर्ण वळून तिच्याकडे बघायला लागला.

"काहीतरी म्हणा," ती म्हणाली.

"म्हणतो... पाट्या दिसल्या होत्या म्हणालो ना, ते खोटं. काल तुम्ही उतरल्यावर मी मुद्दाम तासभर हिंडून शोधल्या. घरी आलो आणि देवाशप्पथ वाटत होतं, की एकही धड निघू नये."

धाकटी हसली. मग त्यालाही हसू फुटलं, आणि ते आवरेना.

"आत्याबाईंना भेटायला कधी येऊ?" त्याने विचारलं. "म्हणजे... काय सांगून येऊ?"

"काही सांगायला नको. तिला माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"की तुमच्यामुळे मी सहा पट्ट्या आडव्या कापल्या. आमच्या घरात कुणी कुणासाठी याहून मोठं काही केलेलं नाही."

पुढची बस यायला अजून अवकाश होता. नक्की किती, ते त्याने सांगितलं नाही आणि तिनेही विचारलं नाही.