टाइप केलेलं ऐकू जात नाही

या सगळ्यात विनीतला मिळणार होतं ते एवढंच. एक बायको. तीही मनापासून हो म्हणणारी नाही, दुसरं कुणी उरलं नाही म्हणून हो म्हणणारी.

त्याच्या हिशेबाने तेवढं पुरेसं होतं.

ज्यांना ही थाप वाटेल त्यांनी नौपाड्यात यावं, मी जिना दाखवते. मंडळाचं नाव मात्र लिहिणार नाही, माझी नोकरी अजून तिथेच आहे. गोष्ट गेल्या मे महिन्यातली. रात्रीची नाही. भर दुपारची, पावणेतीनची.

आमचं वधू-वर सूचक मंडळ. पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. विनीत माझा मावसभाऊ, वय एकोणचाळीस. वेबसाइट तो सांभाळायचा, फॉर्म आणि फोटोंच्या फायली मी. दीड ते चार मंडळ बंद असतं, गल्लीतली निम्मी दुकानं बंद असतात तसंच. त्या वेळात आम्ही डबा खायचो आणि विनीत मला पासवर्ड वाचून दाखवायचा.

हो, पासवर्ड. सगळ्या सभासदांचे. नाव, जन्मतारीख, उंची, पगार आणि त्याच्या पुढच्या रकान्यात पासवर्ड. उघडा.

त्याला कारणही होतं. साइट उघडून बसायचे ते मुलामुलींचे आईबाप. ते पासवर्ड विसरायचे, फोन करायचे, विनीत वाचून सांगायचा. एकदा मानपाड्याचा एक कॉम्प्युटरवाला मुलगा फोनवर भडकलेला.

"तुम्हाला माझा पासवर्ड दिसतो कसा? साइट चालवणाऱ्यालासुद्धा दिसता कामा नये तो! विसरला तर नवीन करायला लावायचा. जुना वाचून कसला दाखवता?"

"तुमचे बाबा आठवड्यातून दोनदा विसरतात," विनीत म्हणाला. "त्यांना शिकवायला येता का तुम्ही?"

फोन ठेवून तो माझ्याकडे वळला. "ताई, ह्याचा पासवर्ड ऐक. 'एकच राजा'. आणि आता पगार बघ."

हसलो आम्ही. मी जरा जास्तच.

पत्रिका जुळवून आणता येते, फोटो गोरा करता येतो. पासवर्ड कोण खोटा घालतं? तिथे माणूस एकटाच असतो.

मेघना आमची अकराशे त्रेसष्ट नंबरची सभासद. राहायला शहाडला, नोकरी कल्याणच्या एका लॅबमध्ये, वय एकोणतीस. विनीतने तिला स्वतःचंच स्थळ पाठवलेलं. तिने 'नापसंत' दाबलं. कारणाचा रकाना कोरा सोडला. तो कोरा रकाना त्याला जास्त लागला.

एप्रिलमध्ये तिचं डोंबिवलीच्या एका मुलाशी जमत आलं. साखरपुड्याचा हॉल बघून झालेला.

त्याच सुमारास एका दुपारी विनीतने तिची ओळ उघडली.

"ताई, ऐक. मितेश, शून्य नऊ शून्य तीन."

"कोण मितेश?"

"कोण असणार? तारखेसकट जपलाय बघ."

"तुला काय करायचंय रे?"

"हे मोडलं की ती तिशीला टेकते. तिशीनंतर मुलगी फार कारणं बघत नाही, ताई."

मी त्याच्या कानाखाली वाजवायला हवी होती. मी त्याला लोणचं वाढलं.

त्याने मुलाच्या वडिलांना फोन लावला. आवाजात काळजी. "मंडळाची जबाबदारी म्हणून सांगतो हो..." त्यांना कमी ऐकू यायचं, म्हणून नाव पुन्हा सांगावं लागलं. "मितेश! मितेश हो!"

तीन दिवसांत मोडलं.

मग मे महिन्यातला एक सोमवार. दार लोटलेलं, बंदची पाटी लावलेली. तरी ती आत आली.

"माझा पासवर्ड कुणी वाचला?"

"मॅडम, आपली सिस्टीम एकदम सेफ आहे," विनीत म्हणाला. स्क्रीनवर यादी उघडीच होती.

तिने यादी पाहिली. आवाज चढवला नाही.

"मितेश माझा धाकटा भाऊ. पाच वर्षांपूर्वी नऊ मार्चला नदीत गेला. सापडला नाही."

विनीतने घाईने यादी बंद केली.

"आई म्हणते, जो सापडला नाही त्याचं नाव घ्यायचं नाही. नाव घेतलं की तो वळून बघतो. आमच्या घरात कुणीच घेत नाही. मी फक्त टाइप करायचे. रोज एकदा. टाइप केलेलं ऐकू जात नाही."

मग तिने विचारलं, "मोठ्याने किती वेळा म्हणालात?"

मी मनात मोजलं. मला एकदा. म्हाताऱ्याला तीनदा. आणि मीही एकदा विचारलंच होतं की, कोण मितेश.

पाच.

आणि तेवढ्यात आमचा विनीत काय म्हणाला असेल? "झालं ते झालं. माझं स्थळ अजून खुलं आहे."

ती त्याच्याकडे बघत राहिली.

"घरी कोण कोण असतं तुमच्या?"

"मी आणि आई. बस."

"आई बोलते?"

"आई? गप्प बसली तर शपथ!"

"बरं," ती म्हणाली आणि जिना उतरून गेली.

मंगळवार. पावणेतीन. फोन वाजला. विनीतने सवयीने स्पीकरवर टाकला, मलाही मजा ऐकू यावी म्हणून.

आधी काहीच नाही. मग मागून एक आवाज... वाहत्या पाण्याचा.

"मंडळ ना? पासवर्ड विसरलो. सांगता का?"

तरुण मुलगा. आवाज थोडा बसलेला.

"सभासद नंबर?"

"अकराशे त्रेसष्ट."

विनीत माझ्याकडे बघून हसला. "अहो, ती मुलगी आहे."

"हो. पण नाव माझं आहे."

विनीतने फोन आपटला. "तिनेच कुणाला तरी बसवलंय ताई. नाटकं."

त्याने तिचा पासवर्ड बदलून एक-दोन-तीन-चार करून टाकला.

बुधवारी सकाळी त्या रकान्यात पुन्हा तेच नाव होतं.

पावणेतीनला फोन. या वेळी पाणी नव्हतं.

या वेळी मागे... घुंगरू वाजत होते.

आमच्या इमारतीखाली रसवंती आहे. तिच्या चरकाला घुंगरू बांधलेत. खिडकीतून ते ऐकू येत होते आणि फोनमधूनही. एकाच तालात.

"पासवर्ड सांगता का? कुणीच सांगत नाही."

विनीत धावत खाली गेला. परत आला तेव्हा घामाने निथळत होता. रसवाला झोपलेला म्हणे. चरक बंद.

त्याने फोनची वायर भिंतीतून उपटून काढली.

गुरुवारी तो यायला तयार नव्हता. मीच ओढून आणला. अडीचला त्याची आई आली, माझी मावशी. दोन गल्ल्या सोडून राहायची, कधीमधी गरम डबा घेऊन यायची. आयुष्यभर बालवाडीत शिकवलेलं, त्यामुळे अनोळखी माणसाशीही बाळ म्हणूनच बोलायची.

"तोंड का उतरलंय रे तुझं? थांब, खालून ताक घेऊन ये. मी बसते."

विनीत गेला. मी आतल्या खोलीत फायली लावत होते.

फोन वाजला.

मी दारातून पाहिलं. वायर जमिनीवर लोळत होती.

मावशीने उचलला. ऐकू कमी येतं म्हणून स्पीकर दाबला.

"बोल बाळ."

आमच्या छताच्या पंख्याला एक खोड आहे. फिरताना तो खट्... खट्... करतो.

फोनमधून पंख्याचा आवाज येत होता.

खट्... खट्...

"काकू, पासवर्ड विसरलो."

"अरे, मग त्यात रडायचं काय? नंबर सांग. हां... हे काय, इथेच दिसतंय की."

मी ओरडायला हवं होतं. चार पावलांवर तर होते. पण ओरडले असते, तर त्याने मला विचारलं असतं.

मी फाइल छातीशी धरून उभी राहिले.

मावशीने चष्मा वर सरकवला आणि बालवाडीत हजेरी घ्यावी तसं, खणखणीत आवाजात वाचलं.

"मितेश."

पंखा थांबला. दोन्हीकडचा.

मावशी दाराकडे बघून हसली. दारात कुणी नव्हतं.

"अगंबाई! असा बाहेर का उभा? ये ना आत. किती भिजलायस रे!"

विनीत ताकाचे ग्लास घेऊन जिना चढून आला. मावशीने त्याला नीट न्याहाळलं.

"तुम्ही कोण?"

डॉक्टर झाले. तपासण्या झाल्या. वयामुळे होतं, म्हणाले. पण मावशीला सगळं आठवतं. माझं नाव, माझ्या मुलांची नावं, तीस वर्षांपूर्वीच्या बालवाडीतली पोरं. फक्त विनीत आठवत नाही. तिला मुलगा एकच. त्याचं नाव ती दिवसातून शंभरदा घेते.

जूनमधल्या एका रविवारी मी त्यांच्या घरी गेले. दार विनीतने उघडलं. टेबलावर तीन ताटं. एका ताटावर मावशी.

दुसऱ्यावर मेघना.

तिला मावशीनेच फोन करून बोलावलेलं म्हणे. नंबर कुणी दिला ते मी विचारलं नाही. आता ती दर रविवारी येते. विनीत स्वयंपाकघरात ओट्यापाशी उभा राहून जेवतो.

"अहो केबलवाले," मावशीने आतून आवाज दिला, "झालं का तुमचं काम? जाताना दार ओढून घ्या."

विनीत खाली मान घालून भात कालवत राहिला.

तिसऱ्या ताटासमोरची खुर्ची रिकामी होती. मी मुद्दाम दुसरीकडे बघत होते. पुन्हा पाहिलं तेव्हा... ताटातला भात निम्मा झालेला.

"त्याला आमटी जास्त लागते," मेघना हळूच म्हणाली. मावशीने वाढली.

मेघना हसत होती. पाच वर्षं घरात जे नाव ऐकायला मिळालं नाही, ते इथे पोटभर ऐकत होती. स्वतः मात्र एकदाही उच्चारत नव्हती.

डोंबिवलीच्या मुलाचं दुसरीकडे ठरलं. मेघनाला तिचा भाऊ मिळाला. मावशीला मुलगा आहे, तिच्या हिशेबात कुणी कमी झालेलं नाही. विनीतची आई गेली, आणि ती त्याच्याच घरात, त्याच्याच समोर बसून जेवते.

राहिले मी. नाव एकदा मीही घेतलंय. हसण्यात निम्मा वाटा माझा होता आणि गप्प उभं राहण्यात पूर्ण. माझ्याकडे अजून कुणी काही मागायला आलेलं नाही.

मुलं शाळेतून आली की दारातच मी आधी त्यांना विचारते, मी कोण?

आजपर्यंत तरी त्यांनी बरोबर सांगितलंय.