साडेतीन फूट खोलीवरील मोहीम

मंगळवारी दुपारी ठीक बारा वाजता कोलशेतच्या अंगाचे आमचे तळे उपसण्यास प्रारंभ होणार होता. त्यापूर्वी त्याच्या तळाशी राहणाऱ्या जिवांची अखेरची मोजणी उरकणे, हा आमच्या मोहिमेचा एकमेव हेतू होता. माझी पुतणी दीप्ती दोन वर्षे त्या गाळातील अळ्या, गोगलगायी आणि कृमी मोजत आली होती. एकाच उथळ तळ्यात, अवघ्या शंभर पावलांत, तळ बदलला की रहिवासी का बदलतात, हा तिच्या प्रबंधाचा विषय. आज तीन जागांचे तीन नमुने हाती लागले तर प्रबंध पुरा. अन्यथा आधीच्या सातही मोजण्या अधांतरी! कारण उपसलेले तळे पुन्हा पूर्वीसारखे होणार नव्हते.

पथकात आम्ही चौघे होतो. प्रमुख दीप्ती, तिचा सहकारी, कल्याणचा राजरत्न, तराफ्याची मालकीण रंगूबाई, आणि लेखनिक म्हणून मी. तराफा म्हणजे सहा निळी पिंपे आणि वर ठोकलेल्या फळ्या. भाद्रपदात तो गणपती वाहून नेई, एरवी रंगूबाईच्या दारात उन्हात पडून असे.

निघण्यापूर्वी दीप्तीने मला बजावले, की प्रत्येक नमुन्याच्या जागेची चिठ्ठी पेन्सिलीनेच लिहून स्पिरिटच्या बाटलीच्या आत टाकावी. मी सविस्तर हरकत घेतली. दस्तऐवजांच्या नकला ताडून पाहण्यात तेहतीस वर्षे काढलेल्या माणसाच्या मते पेन्सिल हे कच्च्या कामाचे साधन होय. पक्की नोंद शाईनेच शोभते. तिने वाद घातला नाही. याचा अर्थ तिला पटले, असा मी काढला आणि शाईचे पेन खिशाला लावले.

पहिला मुक्काम विसर्जन घाट. वर्षानुवर्षांच्या मूर्तींचे प्लास्टर साचून तेथील तळ फरशीसारखा टणक झाला होता. राजरत्नने दोरीला बांधलेला, तळाचा गाळ उचलणारा लोखंडी जबडा सोडला. जबडा आपटला. मिटला. वर आला तो सोनेरी रंगाच्या चार कपच्या घेऊन! बारीक चाळणीत धुऊन पाहता त्यात निघाले दोन कृमी. ना बिळाला माती, ना खाण्याला पाला. तेथे राहणार कोण?

पाणवनस्पतींच्या पट्ट्यात मात्र वस्ती दाट होती. मुळांच्या जाळ्यात गोगलगायी, चतुर कीटकाची दांडगी पिल्ले, पारदर्शक झिंगे. आसरा, अन्न आणि हवा तिन्ही मिळाल्यावर तेथे भाडेकरूंना तोटा नव्हता. तोटा होता तो आमच्या स्वागताचा! पट्ट्यावर हक्क सांगणारे दोन पाळीव हंस माना ताणून आले. रंगूबाईने बांबू पाण्यावर आपटला. हंस हटले, पण हा अपमान त्यांनी लक्षात ठेवला.

मध्यभागी गाळ काळा, मऊ, आणि नासक्या अंड्यांचा वास मारणारा. प्राणवायू तेथे नावालाच पोहोचतो. परंतु जो पोहोचतो तो रक्तात धरून ठेवणाऱ्या लाल अळ्या तेथे शेकड्यांनी सुखात नांदत होत्या. मी खोली नोंदवली, तिसरी चिठ्ठी सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि तिसरी बाटली पेटीत ठेवली. मोहीम फत्ते!

तोच मागून हंस आले.

मी वळून मागे सरलो. तराफा कलला. पेटी घसरली, पाठोपाठ मी! पाणी डोक्यावरून गेले. डावा पाय गाळाने धरला. मी हात मारले, हाका मारल्या, इष्टदेवतेचे स्मरणही उरकले.

"भाऊ," रंगूबाई वरून शांतपणे म्हणाली, "उभे ऱ्हावा."

मी उभा राहिलो. पाणी छातीपर्यंत होते. साडेतीन फूट, हा आकडा पाच मिनिटांपूर्वी मीच लिहिला होता. डावा बूट मात्र गाळाने परत केला नाही.

तरंगणाऱ्या तिन्ही बाटल्या राजरत्नने गोळा केल्या. काठावर आल्यावर दीप्तीने त्या उन्हात धरल्या. आतले स्पिरिट निळे झाले होते आणि चिठ्ठ्या कोऱ्या.

मी अपराध कबूल केला. तथापि उपायही सुचवला. लाल अळ्या त्या मधल्या, गोगलगायी पाण्यातल्या झाडांच्या, रिकामी ती घाटावरची. यात अवघड काय?

दीप्ती खाली बसली. "काका, जागेवरून जीव ठरतात, हे मला सिद्ध करायचंय. जिवांवरून जागा मी ठरवली, तर सिद्ध काय केलं?"

मी खिशातले शाईचे पेन काढून ठेवले.

पावणेअकरा वाजले होते. तराफा पुन्हा निघाला. एका बुटानिशी मी काठावर राहिलो. आणि अकराच्या ठोक्याला उत्तम नावाचा उपशाचा मुकादम पंप घेऊन हजर झाला. माणसे आली आहेत, तर आत्ताच सुरू करतो, म्हणाला. गाळ एकदा ढवळला गेला, की सारे मुसळ केरात!

कठड्यावर नोटीस डकवलेली होती. मी ती मोठ्याने वाचू लागलो. वेळ बाराची दिली होती, हे त्याच्या निदर्शनास आणले. उपसा दक्षिण बाजूने करावा, असे तिसऱ्या कलमात होते. त्याचा पंप पूर्वेला होता. चार माणसांनी पंप दक्षिणेला नेला. पाचव्या कलमानुसार धोक्याची फीत बांधणे आवश्यक होते. फीत टेम्पोत राहिली होती आणि टेम्पो मानपाड्याला गेला होता. सुतळीला लाल चिंध्या बांधून भागेल का, यावर आम्ही वीस मिनिटे चर्चा केली.

"काका, वकील आहात काय?" उत्तमने घाम पुसत विचारले.

"नाही. मी फक्त पूर्ण वाचतो."

बाराला तीन मिनिटे असताना तराफा काठाला लागला. तीन बाटल्या, तीन पेन्सिलीच्या चिठ्ठ्या, अक्षर दीप्तीचे. उत्तमने माझ्या घड्याळाकडे पाहिले आणि उरलेली तीन मिनिटे बिचारा उभा राहिला.

पंप सुरू झाला, आणि पंधरा मिनिटांत गुदमरला. मध्यभागी सोडलेल्या पाइपाचे तोंड ओढून वर काढले, तर जाळीला माझा डावा बूट चिकटलेला! आत काळा गाळ, आणि त्यात वळवळणाऱ्या लाल अळ्या.

दीप्ती त्या दिवशी प्रथमच हसली. हा नमुना धरता येईल का, असे मी विचारले. जबड्याचे माप ठरलेले असते, बुटाचे नाही, असे तिने सांगितले. आठ नंबर हेही मापच आहे, हा माझा मुद्दा तिने फेटाळला. परंतु एक रिकामी बाटली आणि पेन्सिल माझ्यापुढे धरली.

मी अळ्या मोजल्या आणि लिहिले: "मध्यभाग. डावा बूट. एकूण जीव एकतीस." पेन्सिलीनेच लिहिले; अक्षर मात्र पक्के काढले.